पडद्यावरील आखाडा आणि त्याची व्यवस्था

खेळ आणि स्पर्धा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुष्कळदा विसरले जाते. दोघे जण अंगणात समोरासमोर उभे राहिले की खेळ सुरू होतो. स्पर्धेला मात्र तक्ता लागतो, पंच लागतात, वेळापत्रक लागते आणि हरलेल्या खेळाडूने निकाल मान्य करावा इतका विश्वासही लागतो. खो-खो महाराष्ट्राच्या मैदानांवर पिढ्यान्‌पिढ्या खेळला जात होता. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात त्याचे नियम बांधले गेले आणि त्या नियमांच्या आधारावर पुढे स्पर्धा उभ्या राहिल्या. अशीच वाटचाल एका अगदी निराळ्या, विजेवर चालणाऱ्या खेळाने गेल्या तीस वर्षांत केली आहे. झुंजीचे व्हिडिओ खेळ हे त्याचे नाव. या खेळांच्या स्पर्धा कशा भरवल्या जातात, त्यात कोणत्या अडचणी येतात आणि त्या कशा निवारल्या गेल्या, हा आजचा विषय आहे.

प्रथम खेळाचे स्वरूप पाहू. पडद्यावर दोन लढवय्ये समोरासमोर असतात. प्रत्येकाच्या डोक्यावर शक्तीची एक पट्टी असते व मध्यभागी ९९ पासून उलटे मोजणारे घड्याळ असते. ज्याची पट्टी आधी रिकामी होईल तो त्या फेरीत हरला. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा डाव जिंकतो आणि बहुधा तीनपैकी दोन डाव जिंकणारा सामना जिंकतो. कुस्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातील मर्म सांगावयास नको. समोरच्याचा पुढचा पेच आधी ओळखणे आणि आपला पेच त्याला ओळखू न देणे, एवढेच ते आहे. जपानमधील ओसाका येथील कॅपकॉम या कंपनीने १९९१ मध्ये ‘स्ट्रीट फायटर २’ हा खेळ बाजारात आणला आणि या प्रकाराला जगभर चाहते मिळाले.

तेव्हा हा खेळ घरी नव्हे, तर नाणे टाकून चालवावयाच्या मोठ्या यंत्रावर खेळला जाई. अमेरिकेतील खेळघरांत एक रिवाज होता. ज्याला पुढचा नंबर हवा असेल त्याने पाव डॉलरचे नाणे यंत्राच्या काचेवर ठेवावयाचे. जिंकणारा जागेवर राहतो, हरणारा उठतो व नवे नाणे घेऊन रांगेत जातो. भारतातील शहरांतही नव्वदीच्या दशकात व्हिडिओ गेमची पार्लरे निघाली. शाळा बुडवून तेथे सापडलेल्या विद्यार्थ्यांच्या हकिकती त्या काळातील शिक्षकांच्या स्मरणात असतील. त्या पार्लरांविषयी पालकांच्या मनात असलेला राग सर्वस्वी निराधार होता असे म्हणता येणार नाही. तथापि ‘जिंकेल तो राहील’ हा नियम तेथेही आपोआप रूढ झाला होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

या नियमातील उणीव उघड आहे. त्याने त्या खेळघरातील बलिष्ठ कोण हे कळते, पण दोन खेळघरांतील बलिष्ठांची गाठ पडत नाही. ही गाठ घालून द्यावी या हेतूने १९९६ साली कॅलिफोर्नियातील सनीव्हेल या गावच्या गोल्फलँड नावाच्या खेळघरात एक स्पर्धा भरली. ‘बॅटल बाय द बे’ असे तिचे नाव होते. खेळाडू होते अवघे ४०. टॉम आणि टोनी कॅनन हे जुळे भाऊ व त्यांचे मित्र हे तिचे चालक. त्यांना ना कोणा कंपनीचा आश्रय होता, ना कोणा क्रीडासंघाची मान्यता. २००२ मध्ये या स्पर्धेला ‘इव्होल्यूशन’ हे नाव मिळाले आणि ‘ईव्हो’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाऊ लागली. २००५ पासून ती लास वेगास परिसरात भरू लागली. २०१६ मध्ये एकट्या ‘स्ट्रीट फायटर ५’ या खेळासाठी पाच हजारांवर खेळाडूंनी नावे नोंदवली, तर २०२३ मध्ये ‘स्ट्रीट फायटर ६’साठी सात हजारांवर. प्रवेश सर्वांना खुला. निवड चाचणी नाही, वयाने वा देशाने केलेली वर्गवारी नाही. शुल्क भरणारा नवखा मुलगा आणि जगज्जेता एकाच तक्त्यात येतात.

स्पर्धेचा कणा म्हणजे तिची भाग्यपत्रिका. आपल्या जत्रेतील कुस्त्यांत पंच मंडळी दोन मल्लांकडे नजर टाकून जोड लावतात. त्यांच्या नजरेवर गावाचा विश्वास असतो. चारशे मैलांवरून आलेल्या अनोळखी खेळाडूंच्या बाबतीत असा विश्वास कोठून येणार? म्हणून लेखी पद्धत हवी. साध्या बाद पद्धतीत ६४ खेळाडूंचे ६३ सामने होतात आणि पहिल्याच सामन्यात हरलेला निम्मा जनसमुदाय दहा मिनिटांत घरी जातो. शेकडो मैल प्रवास करून आलेल्या खेळाडूला हे परवडत नाही. साखळी पद्धत अधिक न्याय्य खरी, पण ६४ जणांची पूर्ण साखळी खेळवावयाची तर २,०१६ सामने होतील. म्हणून या खेळात दुहेरी बाद पद्धत रूढ झाली. पहिला पराभव झाला की खेळाडू बाद न होता पराभूतांच्या गटात जातो. दुसरा पराभव झाला की मग बाद. पराभूतांच्या गटातून वर येणारा आणि एकदाही न हरलेला यांच्यात अंतिम सामना होतो. त्यात न हरलेला हरला, तर दोघांच्याही नावावर एकेक पराभव जमा होतो, म्हणून आणखी एक सामना खेळवावा लागतो. ६४ खेळाडूंचे अशा रीतीने १२६ किंवा १२७ सामने होतात.

या पद्धतीचे मोल २००४ सालच्या स्पर्धेने दाखवून दिले. पोमोना येथील विद्यापीठात भरलेल्या त्या स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक’ या खेळात जपानचा दाइगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग समोरासमोर आले. उमेहाराच्या लढवय्याची शक्ती जवळजवळ संपली होती. इतकी की, प्रतिस्पर्ध्याचा घाव नुसता अडवला तरी त्या अडवण्यात होणाऱ्या अल्प हानीनेच फेरी संपली असती. वाँगने सलग पंधरा घावांचा मोठा हल्ला सोडला. अडवण्याऐवजी नेमक्या क्षणी दांडा पुढे ढकलून घाव निष्फळ करण्याची एक कठीण क्रिया त्या खेळात आहे. उमेहाराने ती पंधराही घावांवर अचूक साधली आणि उलट हल्ला करून फेरी जिंकली. सभागृहात उठलेल्या आरोळ्यांसह ते चित्रण पुढे जगभर पाहिले गेले. हा सामना पराभूतांच्या गटातील शेवटचा सामना होता. म्हणजे दोघेही त्यापूर्वी एकेकदा हरलेले होते. साधी बाद पद्धत असती तर हा सामना झालाच नसता. उमेहारा त्या स्पर्धेचा विजेता ठरला नाही, हेही सांगितले पाहिजे. अंतिम सामन्यात तो आपल्याच देशाच्या केंजी ओबाताकडून हरला.

आता वेळेचे गणित. नव्या संयोजकाची फसगत बहुधा येथेच होते. एक सामना सरासरी दहा मिनिटांचा धरला आणि आठ यंत्रे असली, तर १२६ सामन्यांना भागाकाराने दोन तास चाळीस मिनिटे लागावीत. प्रत्यक्षात ती तेवढ्यात संपत नाही. पराभूतांच्या गटातील फेऱ्या एकीमागून एकच होऊ शकतात. ६४ खेळाडूंसाठी पहिल्या सामन्यापासून अंतिम सामन्यापर्यंत किमान बारा टप्पे एकापाठोपाठ एक पार पाडावे लागतात. यंत्रे शंभर आणली तरी हे दोन तास कमी होत नाहीत, आणि शेवटचे सामने पाचपैकी तीन डावांचे असल्यामुळे ते आणखी लांबतात. प्रारंभी यंत्रे अपुरी पडतात, अखेरीस ती रिकामी राहतात. यावर उपाय म्हणून मोठ्या स्पर्धांत खेळाडूंचे छोटे गट पाडतात, प्रत्येक गटाला ठराविक वेळ व ठराविक टेबल नेमून देतात आणि त्या गटातून वर येणाऱ्यांचीच पुढची पत्रिका करतात. सात हजार खेळाडू म्हणजे चौदा हजारांच्या आसपास सामने. ते तीन दिवसांत बसवावयाचे असले तर दुसरा मार्गच नाही.

मानांकन हे असेच नाजूक काम. प्रबळ खेळाडू पहिल्याच फेरीत एकमेकांवर आदळू नयेत म्हणून त्यांना पत्रिकेत दूर ठेवतात. एकाच गावाहून एकत्र आलेल्या मित्रांनाही शक्यतो वेगवेगळ्या गटांत घालतात. रोज एकमेकांशी खेळणाऱ्यांनी एवढा प्रवास करून पुन्हा एकमेकांशीच खेळावे, यात स्वारस्य नाही. खेळाडूंची संख्या ६४ किंवा १२८ अशी नेमकी नसेल तर काहींना पहिल्या फेरीत पुढे चाल द्यावी लागते. ती मानांकितांना मिळते. पत्रिका आदल्या दिवशी जाहीर केली म्हणजे आक्षेप वेळेवर येतात. सकाळी गर्दीसमोर तिच्यात खाडाखोड सुरू झाली की ती केवळ दुरुस्ती आहे हे कोणालाही पटत नाही.

सामन्याच्या टेबलावरील नियम वरवर क्षुल्लक वाटतात. प्रत्येकाच्या मागे एखादे भांडण दडलेले आहे. सामना सुरू होण्यापूर्वी दोन्ही खेळाडूंनी आपापले खटके तपासून घ्यावयाचे. फेरी सुरू झाल्यावर खटके उलटसुलट लागले आहेत अशी तक्रार चालत नाही. मध्येच खेळ थांबवणारा खटका दाबला गेला, तर चुकून का असेना, दाबणारा ती फेरी गमावतो. कारण या खेळातील हालचाली सेकंदाच्या साठाव्या भागात मोजल्या जातात आणि क्षणाच्या विरामानेही समोरच्याचा हात चुकतो. बिनतारी कंट्रोलर घेऊन आलेला खेळाडू सामना संपवून निघून जातो, पण त्याच्या पिशवीतील कंट्रोलर यंत्राशी जोडलेलाच राहतो. पुढच्या जोडीच्या ऐन झुंजीत त्याचा खटका दाबला जातो आणि खेळ बंद पडतो. म्हणून उठण्यापूर्वी जोडणी तोडणे बंधनकारक असते. जिंकलेल्याने पुढच्या डावातही तोच लढवय्या ठेवावयाचा, हरलेल्याला बदलण्याची मुभा. पहिल्या डावाच्या निवडीवरून दोघेही अडून बसले, तर आपापली निवड पंचाच्या कानात सांगावयाची. पुकारा झाल्यावर ठराविक मिनिटांत खेळाडू टेबलाशी आला नाही तर प्रतिस्पर्ध्यास पुढे चाल. (चहा घेण्यास गेलेला खेळाडू प्रत्येक स्पर्धेत एक तरी असतोच, आणि तो पंचाशी सर्वांत मोठ्याने भांडतो.)

पडदा हा या खेळाचा आखाडा, आणि सर्व पडदे सारखे नसतात. घरगुती टीव्ही चित्र अधिक सुबक दिसावे म्हणून त्यावर संस्कार करतो आणि त्यात क्षणाचा विलंब होतो. सिनेमा पाहणाऱ्याला तो जाणवत नाही. जो खेळाडू समोरचा घाव दिसताच हात हलवतो, त्याला मात्र तो विलंब बुडवतो. निम्म्या टेबलांवर एक प्रकारचे पडदे व उरलेल्यांवर दुसऱ्या प्रकारचे असले, तर ती स्पर्धा मातीत अर्धी व गादीवर अर्धी खेळवल्यासारखी होते. म्हणून मोठ्या स्पर्धांत सर्व पडदे एकाच बनावटीचे असावेत असा कटाक्ष असतो. २००४ मध्ये ईव्होने नाण्याची यंत्रे सोडून सर्व खेळ घरगुती यंत्रांवर नेले, तेव्हा जुन्या खेळाडूंनी मोठी नाराजी व्यक्त केली. त्यांचा हात त्या जुन्या यंत्रांवरच बसला होता. तरीही तो निर्णय योग्य होता असेच म्हणावे लागेल. ती अवजड यंत्रे शेकड्यांनी गोळा करून एका सभागृहात नेणे कोणालाही शक्य झाले नसते, आणि स्पर्धा चाळीस-पन्नास जणांपुरतीच राहिली असती.

एक प्रश्न मात्र मैदानी खेळांच्या संयोजकांना कधीच पडत नाही. कबड्डी कोणाच्या मालकीची नाही. व्हिडिओ खेळ हा एखाद्या कंपनीच्या मालकीचा असतो आणि त्याची जाहीर स्पर्धा वा प्रक्षेपण करावयाचे तर मालकाची संमती लागते. २०१३ साली ईव्होच्या चालकांनी आठव्या खेळाची निवड लोकांवर सोपवली. ज्या खेळाच्या चाहत्यांकडून स्तनांच्या कर्करोगावरील संशोधनासाठी सर्वाधिक देणगी जमेल तो खेळ स्पर्धेत घ्यावयाचा. एकूण सव्वादोन लाख डॉलरांवर रक्कम जमली. त्यांपैकी ९४ हजारांवर डॉलर ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेले’ या खेळाच्या चाहत्यांनी दिले आणि त्या खेळाची निवड झाली. पण स्पर्धा तोंडावर आली असताना मालक कंपनी निंटेंडोने त्याच्या प्रक्षेपणास मनाई केली. चाहत्यांत क्षोभ उसळला आणि काही तासांतच कंपनीने मनाई मागे घेतली. या वेळी शेवट गोड झाला. प्रत्येक वेळी तो होईलच असे नाही, आणि म्हणून लेखी परवानगी ही पत्रिकेच्याही आधी करावयाची बाब ठरते.

दूरच्या खेळाडूंची अडचण पत्रिकेने सुटत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये जपानमधील फुकुओका येथे भरलेल्या ईव्होत ‘टेकेन ७’ या खेळात लाहोरचा अर्सलान अॅश विजयी झाला. व्हिसा आणि विमानांच्या अडचणींतून वाट काढीत तो स्पर्धेला अगदी ऐन वेळी पोहोचला होता. त्याच वर्षी लास वेगासलाही तोच जिंकला. त्यापूर्वी पाकिस्तानातील खेळाडूंची नावे जगात फारशी कोणाला ठाऊक नव्हती. आपल्या शहरात आणखी तयार खेळाडू आहेत असे तो सांगू लागला तेव्हा अनेकांनी ते विनयाने केलेले बोलणे मानले. पुढील वर्षांत ते अक्षरशः खरे असल्याचे दिसून आले. आपल्याकडील खेळाडूंनाही हेच दार ठोठवावे लागते. निमंत्रणपत्र वेळेवर, अधिकृत कागदावर आणि खेळाडूच्या पारपत्रातील नावाने पाठवणे हे संयोजकाचे कर्तव्य आहे. टोपणनावाने पाठवलेले पत्र वकिलातीत चालत नाही.

सर्वांत गंभीर प्रकरण २०२० सालचे. साथीच्या रोगामुळे त्या वर्षीची स्पर्धा दूरसंपर्काने घेण्याचे ठरले होते. जुलैमध्ये संस्थेच्या प्रमुख पदाधिकाऱ्यावर अल्पवयीन मुलांशी संबंधित लैंगिक गैरवर्तनाचे आरोप जाहीर झाले. त्याला पदावरून दूर करण्यात आले, खेळ बनवणाऱ्या कंपन्यांनी अंग काढून घेतले आणि स्पर्धा रद्द झाली. चोवीस वर्षे मित्रमंडळींच्या परस्परविश्वासावर चाललेल्या कारभारात या गोष्टीसाठी व्यवस्था नव्हती. ज्या ठिकाणी पंधरा वर्षांची मुले आणि चाळिशीचे पुरुष एकत्र खेळतात, रात्री उशिरापर्यंत थांबतात, एकमेकांच्या खोल्यांवर सरावास जातात, तेथे अल्पवयीनांच्या सुरक्षेचा नियम हा खटके तपासण्याच्या नियमाइतकाच लेखी असावयास हवा होता. पालकांचे संमतिपत्र, सोबतच्या वडीलधाऱ्याचे नाव आणि तक्रार कोणाकडे करावयाची हे सांगणारा फलक, या तिन्ही गोष्टी शाळेच्या सहलीसाठी आपल्याकडील शिक्षक न चुकता पाहतात. स्पर्धेलाही त्या तितक्याच लागू आहेत. २०२१ मध्ये सोनी व आणखी एका कंपनीने ही स्पर्धा विकत घेतली, आणि २०२५ मध्ये सोनीचा हिस्सा नॉडविन गेमिंग या भारतीय कंपनीकडे आला. मुंबईच्या नझारा टेक्नॉलॉजीजने या नॉडविनमध्ये २०१८ साली मोठी भागीदारी घेतली होती. सनीव्हेलच्या खेळघराशी मुंबईचा संबंध असा जुळला.

आपल्या देशात या खेळाला आता अधिकृत चौकट मिळू लागली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने ई-क्रीडा हा विषय युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला. २०२३ साली हांगझौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत ई-क्रीडेला प्रथमच पदकांचा दर्जा मिळाला. ‘स्ट्रीट फायटर ५’मध्ये भारताचेही दोन खेळाडू उतरले होते. त्यात सुवर्णपदक पटकावणारा दक्षिण कोरियाचा किम ग्वान-वू त्या वेळी ४४ वर्षांचा होता. हा पोरांचा खेळ आहे असे मानणाऱ्यांनी हे वय ध्यानात घ्यावे. ऑनलाइन खेळांच्या प्रवर्तन व नियमनाच्या अधिनियमास २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, तर ई-क्रीडेला स्वतंत्र मान्यता आहे. सहभागापुरते किंवा व्यवस्थेच्या खर्चापुरते शुल्क घेता येते, कामगिरीवर बक्षीस देता येते. पैज, डाव वा बोली लावता येत नाही. गावोगावच्या संयोजकांनी ही रेषा नीट समजून घेतली पाहिजे. ईव्होत अनेक वर्षे प्रवेशशुल्काच्या रकमेतूनच विजेत्यांना वाटा दिला जाई, पहिल्यास साठ टक्के, दुसऱ्यास वीस, तिसऱ्यास दहा. ती पद्धत तेथे चालली म्हणून येथे तशीच उचलणे धोक्याचे ठरेल. शुल्क खर्चासाठी आणि बक्षीस देणगीदाराकडून, असे दोन हिशेब वेगळे ठेवणे अधिक सुरक्षित.

तालुक्याच्या गावी एखाद्या शाळेच्या सभागृहात अशी स्पर्धा भरवावयाची म्हटली तर सोळा खेळाडू आणि चार यंत्रे एवढ्याने भागते. तीस किंवा एकतीस सामने होतील आणि दुपारी सुरू झालेली स्पर्धा दिवेलागणीपर्यंत आटोपेल. चारही यंत्रे व पडदे एकाच खटक्यावर जोडू नयेत. वायरमनला आदल्या दिवशी बोलावून भार विभागून घ्यावा. फेरी चालू असता वीज गेली तर काय करावयाचे, ती फेरी त्याच लढवय्यांनिशी पुन्हा खेळवावयाची की संपूर्ण डाव पुन्हा, हे पहिल्या सामन्यापूर्वीच ठरवून फलकावर लिहावे लागते. कोणाच्या पट्टीत किती शक्ती उरली होती हे सांगणारा एकुलता एक साक्षीदार म्हणजे पडदा, आणि तोच त्या वेळी काळा पडलेला असतो.